अमरनाथांना काढून हजारेंना कॅप्टन केलं, मग हजारेंना काढून पुन्हा अमरनाथांना आणलं…

प्रीमियर लीगमधल्या एखाद्या क्लबने मॅनेजरला नारळ दिला की त्याची चर्चा फक्त इंग्लंडमध्ये होत नाही. आपल्या नाशिक रोड स्टेशनबाहेर चहा पिणारी पोरंसुद्धा त्यावरून तासभर भांडू शकतात. एक म्हणतो काढला ते बरं झालं. दुसरा म्हणतो अजून एक सीझन द्यायला हवा होता. तिसऱ्याचं म्हणणं असतं की टीम त्याने निवडलीच नव्हती, मग हरल्याचा दोष त्याला कसा? मॅनेजर जाऊन चार वर्षं झाली तरी हा वाद मिटत नाही.

आपल्याकडे हा मान आणि हा ताप फुटबॉलच्या मॅनेजरपेक्षा क्रिकेटच्या कॅप्टनच्या वाट्याला जास्त येतो. कॅप्टन हटवणं, नवा आणणं, नंतर जुन्यालाच परत बोलावणं हे सगळं भारतीय क्रिकेटमध्ये पंच्याहत्तर वर्षांपूर्वीच झालंय. आणि त्या सगळ्या भानगडीच्या मधोमध एक सांगलीचा माणूस होता.

त्यांचं नाव तुम्ही दरवर्षी ऐकता. विजय हजारे ट्रॉफी. ऋतुराज गायकवाडने २०२२ मध्ये एका ओव्हरमध्ये सात सिक्स ठोकले होते, ती हीच स्पर्धा. पण ट्रॉफीवर ज्यांचं नाव आहे ते हजारे नेमके कोण होते, हे विचारलं तर बरेच जण डोकं खाजवतात.

तर आज त्यांचीच गोष्ट.

सांगलीचा मास्तरांचा पोरगा

विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ चा, सांगलीचा. मराठी ख्रिस्ती कुटुंब, वडील शाळेत शिक्षक, घरात आठ भावंडं. तेव्हा क्रिकेट खेळून पोट भरता येत नव्हतं. राजेरजवाड्यांपैकी कुणी आश्रय दिला तरच खेळाडूचं निभायचं. हजारेंनाही असा आश्रय मिळाला आणि त्यातूनच ऑस्ट्रेलियाचे नामांकित लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट यांच्याकडे शिकायची संधी मिळाली. हजारे तेव्हा बॉलिंगही मन लावून करायचे. पुढे फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये त्यांच्या नावावर ६० शतकं लागली, तशा ५९५ विकेटसुद्धा.

त्यांचा बॅटिंगचा स्टान्स बघायला काही खास नव्हता. बॅट दोन पॅडच्या मध्ये धरलेली, अंग चोरून उभे. पण एकदा उभे राहिले की हलायचे नाहीत. १९३९-४० च्या सीझनमध्ये महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केले. रणजी ट्रॉफीतलं ते पहिलं त्रिशतक. पुढे ते त्याच बडोद्याच्या नोकरीत गेले आणि तिथलेच झाले.

मुंबईत तेव्हा धर्मावर आधारलेली पंचरंगी स्पर्धा भरायची. हिंदूंची टीम वेगळी, मुस्लिमांची वेगळी, पारशांची वेगळी, युरोपियनांची वेगळी. ख्रिस्ती असल्यामुळे हजारे खेळायचे 'रेस्ट' या टीमकडून, म्हणजे बाकी उरलेल्या सगळ्यांच्या टीमकडून. १९४३-४४ च्या फायनलला हिंदूंच्या टीमने ५८१ रन केले. रेस्टवर फॉलोऑन आला. दुसऱ्या डावात रेस्टचे झाले ३८७, आणि त्यातले एकट्या हजारेंचे ३०९. एका पार्टनरशिपमध्ये ३०० रन निघाले, त्यात समोर उभ्या असलेल्या त्यांच्या धाकट्या भावाचे, विवेक हजारेंचे, रन होते फक्त २१.

मॅच रेस्टने गमावलीच. हजारे प्रचंड खेळले आणि टीम हरली, हे त्यांच्या आयुष्यात पुढे वारंवार होणार होतं.

कसोटीचं दार उघडलं तेव्हा वय ३१

दुसऱ्या महायुद्धाने त्यांच्या पिढीची ऐन उमेदीची वर्षं खाल्ली. हजारेंना पहिली टेस्ट मिळाली १९४६ मध्ये लॉर्ड्सवर, वयाच्या ३१ व्या वर्षी. पुढच्याच वर्षी रणजी फायनलला त्यांनी बडोद्याकडून होळकर संघाविरुद्ध गुल मोहम्मद यांच्याबरोबर ५७७ रनची पार्टनरशिप केली. हा विश्वविक्रम मोडायला २००६ साल उजाडावं लागलं. संगकारा आणि जयवर्धने यांनी तो मोडला.

१९४७-४८ ला स्वतंत्र भारताची टीम पहिल्यांदा परदेशात गेली, ती ऑस्ट्रेलियाला. समोर ब्रॅडमनची टीम, बॉलिंगला लिंडवॉल आणि मिलर. अ‍ॅडलेड टेस्टमध्ये भारत डावाने हरला, पण हजारेंनी पहिल्या डावात ११६ आणि दुसऱ्या डावात १४५ केले. एकाच टेस्टच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. त्याच मॅचमध्ये २०१ वर खेळणाऱ्या ब्रॅडमनचा त्रिफळाही हजारेंनीच उडवला होता.

या दौऱ्यावर भारताचे कॅप्टन होते लाला अमरनाथ.

लालांची गच्छंती

अमरनाथ म्हणजे हजारेंच्या बरोबर उलटा माणूस. १९३३ मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर भारताचं पहिलं टेस्ट शतक त्यांनी मारलेलं. तोंडाने फटकळ, अन्याय झाला की गप्प न बसणारे. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावर कॅप्टन होते विजयनगरमचे महाराजकुमार, म्हणजे विझी. त्यांच्याशी अमरनाथांचं वाजलं आणि एकही टेस्ट न खेळता त्यांना अर्ध्या दौऱ्यातून घरी पाठवलं गेलं. पुढे तेच स्वतंत्र भारताचे पहिले कॅप्टन झाले.

१९४८-४९ ला वेस्ट इंडिजची टीम भारतात आली. चार टेस्टमध्ये भारत एकाने मागे होता. मुंबईतल्या शेवटच्या टेस्टमध्ये भारतापुढे लक्ष्य होतं ३६१ चं. हजारेंनी १२२ मारले. ८ बाद ३५५ झाले होते, विजय फक्त ६ रनवर होता, आणि ओव्हर पूर्ण व्हायच्या आधीच अंपायरने बेल्स काढल्या. मॅच ड्रॉ, सिरीज गेली. स्वतंत्र भारताचा पहिला टेस्ट विजय असा हातातून निसटला.

दोन महिन्यांनी, एप्रिल १९४९ मध्ये, बोर्डाने अमरनाथांना निलंबित केलं. कारण काय, तर गैरवर्तन आणि शिस्तभंग. बोर्डाचे अध्यक्ष होते अँथनी डिमेलो. भारतीय बोर्ड उभं करण्यात आणि मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम बांधण्यात मोठा वाटा असलेले, पण आपलंच खरं करणारे. अमरनाथ आणि डिमेलो या दोघांचं पटणं अवघडच होतं. बोर्डाने आरोपांची लांबलचक यादी काढली, अमरनाथांनी तितकंच लांबलचक उत्तर दिलं, आणि पेपरांना कित्येक दिवसांचा मसाला मिळाला.

कॅप्टन गेला. आता त्याच्या जागी कोण? कॉमनवेल्थ टीमविरुद्धच्या अनधिकृत टेस्टमध्ये विजय मर्चंट आणि हजारे या दोघांनी कॅप्टनशिप केली. अधिकृत टेस्ट पुन्हा सुरू झाल्या नोव्हेंबर १९५१ मध्ये, इंग्लंडविरुद्ध. त्या सिरीजला टॉससाठी मैदानात उतरले ते विजय हजारे.

तोवर डिमेलोंची स्वतःची खुर्चीही गेलेली होती. काढणारेही काढले गेले होते. अमरनाथ टीममध्ये परतले होते, पण कॅप्टन म्हणून नाही. काल ज्याचे कॅप्टन होते, त्याच्याच हाताखाली.

मद्रास, १० फेब्रुवारी १९५२

हजारेंची सुरुवात दणक्यात झाली. दिल्लीत नाबाद १६४, मुंबईत १५५. मुंबईतलं १२२ धरलं तर लागोपाठ तीन टेस्टमध्ये तीन शतकं. पण टीका तेव्हाच सुरू झाली होती. दिल्लीत इंग्लंडला २०३ मध्ये गुंडाळून भारताने ६ बाद ४१८ वर डाव सोडला, तरी इंग्लंडने मॅच वाचवली. कॅप्टन संथ खेळतो, सावध खेळतो, समोरच्याचा गळा आवळत नाही, असं बोललं जाऊ लागलं. त्यात कानपूरला चौथी टेस्ट भारत हरला. १९३२ पासून टेस्ट खेळणाऱ्या देशाने वीस वर्षांत एकही टेस्ट जिंकली नव्हती, आणि आता ही सिरीजही जाणार असं दिसत होतं.

शेवटची टेस्ट मद्रासला, चेपॉकवर. पहिल्याच दिवशी बातमी आली की इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज वारले. मैदानात मात्र त्या दिवसांवर छाप पडली विनू मांकड यांची. ५५ रनमध्ये ८ विकेट. इंग्लंड २६६ ला ऑल आउट. पंकज रॉय यांनी १११ केले, पॉली उम्रीगर यांनी नाबाद १३०. भारताने ९ बाद ४५७ वर डाव सोडला. दुसऱ्या डावात मांकड आणि गुलाम अहमद यांनी चार-चार विकेट वाटून घेतल्या आणि इंग्लंड १८३ वर संपलं.

एक डाव आणि ८ रन. भारताचा पहिला टेस्ट विजय, पंचविसाव्या टेस्टमध्ये.

खरं सांगायचं तर इंग्लंडची ती पूर्ण ताकदीची टीम नव्हती. हटन, कॉम्प्टन, बेडसर कुणीच आलं नव्हतं. पण वीस वर्षं वाट बघितलेल्या देशाला याचं काय. रेकॉर्डबुकमध्ये त्या विजयापुढे कॅप्टन म्हणून नाव लागलं विजय हजारेंचं. त्या अकरा जणांत लाला अमरनाथही होते.

शून्यावर चार बाद

काही महिन्यांतच टीम इंग्लंडला गेली आणि चित्र पालटलं.

दौऱ्याआधीच घोळ झालेला. मद्रासचे हिरो मांकड यांच्या हातात इंग्लंडच्या लीगमधल्या हॅसलिंग्डन क्लबचा करार होता. दौऱ्यात माझी जागा नक्की असेल तरच करार सोडतो, एवढीच त्यांची मागणी. ती शाश्वती द्यायला अधिकाऱ्यांनी नकार दिला. मांकड क्लबकडे गेले. अमरनाथ आणि मुश्ताक अली यांची निवड झाली नाही. मर्चंट खांद्याच्या दुखापतीनंतर परतलेच नाहीत. मद्रासला जिंकलेल्या टीमचा कणाच काढून घेतला आणि उरलेली टीम हजारेंच्या हवाली केली.

पहिली टेस्ट लीड्सला. पहिल्या डावात ३ बाद ४२ असताना हजारे आणि २० वर्षांचे विजय मांजरेकर यांनी २२२ ची भागीदारी केली. मांजरेकर १३३, हजारे ८९. तोवर सगळं ठीक होतं.

दुसऱ्या डावात जे झालं ते बघायला क्रिकेटवाले आजही त्या स्कोअरबोर्डचा फोटो शोधतात. फ्रेड ट्रुमन नावाचा २१ वर्षांचा पोरगा पहिली टेस्ट खेळत होता. पंकज रॉय शून्य. दत्ताजीराव गायकवाड शून्य. माधव मंत्री शून्य. मांजरेकर शून्य. भारत शून्यावर चार बाद. यातले माधव मंत्री आपल्या नाशिकचे, १९२१ साली इथेच जन्मलेले. पुढच्या पिढीला ते सुनील गावसकरांचे मामा म्हणून माहीत झाले.

मंत्री आणि मांजरेकर लागोपाठच्या दोन बॉलवर गेले होते. ट्रुमनची हॅटट्रिक अडवायला बॅट घेऊन आले कॅप्टन हजारे. त्यांनी ती अडवली. पाचवी विकेट २६ ला गेली, मग दत्तू फडकरांना घेऊन त्यांनी १०५ रन जोडले. हजारे ५६, फडकर ६४. टीम १६५ ला संपली आणि भारत हरला, पण निदान अब्रू थोडी झाकली गेली.

लीड्सनंतर बोर्डाला जाग आली. क्लबला विनंती करून मांकडना बोलावलं. लॉर्ड्सवर मांकड यांनी ७२ आणि १८४ केले, वर पाच विकेट काढल्या. भारत तरी हरला. मँचेस्टरला टीम एकाच दिवसात दोनदा ऑल आउट झाली, ५८ आणि ८२. ओव्हलला पाऊस धावून आला म्हणून हार टळली.

सिरीज ३-० ने गेली. भारताकडून सगळ्यात जास्त रन कुणाचे? हजारेंचे, ३३३. सरासरी ५५.५०.

पुन्हा लाला, पुन्हा हजारे

पुढे काय झालं याचा अंदाज फुटबॉलवाल्यांना आलाच असेल. ऑक्टोबर १९५२ मध्ये पाकिस्तानची टीम पहिल्यांदा भारतात आली. हजारेंना कॅप्टनपदावरून बाजूला केलं. नवा कॅप्टन कोण? लाला अमरनाथ. साडेतीन वर्षांपूर्वी ज्यांना गैरवर्तनासाठी निलंबित केलं होतं, तेच.

अमरनाथांनी संधीचं सोनं केलं. दिल्लीत भारत डावाने जिंकला. लखनौला पाकिस्तानने डावाने हरवून हिशेब बरोबरीत आणला. त्या मॅचला हजारे नव्हते आणि मांकडही नव्हते. मुंबईच्या तिसऱ्या टेस्टला दोघं परतले. भारत दहा विकेटनी जिंकला आणि त्यात सगळ्यात मोठी खेळी होती नाबाद १४६ ची. खेळणारे होते विजय हजारे.

नऊ महिन्यांपूर्वी हजारेंच्या विजयात अमरनाथ होते, आता अमरनाथांच्या विजयात हजारे. पदावरून उतरवलेला माणूस रुसून बसला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. हजारे रुसले नाहीत. बॅट घेतली आणि ज्याने आपली जागा घेतली त्याला मॅच जिंकायला मदत केली. भारताने सिरीज २-१ ने घेतली. टेस्ट क्रिकेटमधला भारताचा हा पहिला सिरीज विजय.

जिंकून देणाऱ्या कॅप्टनला तरी कायम ठेवावं ना? तसंही झालं नाही. डिसेंबर १९५२ ची कलकत्ता टेस्ट अमरनाथांची शेवटची टेस्ट ठरली. जानेवारी १९५३ मध्ये टीम वेस्ट इंडिजला गेली तेव्हा कॅप्टन होते पुन्हा विजय हजारे.

पाच टेस्टच्या त्या सिरीजमध्ये भारत एक हरला, चार ड्रॉ केल्या. वेस्ट इंडिजमध्ये जाऊन हे करणं तेव्हा लहानसहान काम नव्हतं. पण हजारेंची बॅट शांत झाली होती. वय ३८, डोक्यावर पराभवांचं ओझं, आणि ऐन कठीण वेळी बघावं तर सगळी टीम कॅप्टनच्याच बॅटकडे डोळे लावून बसलेली. कॅप्टनशिपने भारताचा एक थोर बॅट्समन लवकर दमवला असं अनेक जाणकार नंतर म्हणत राहिले, ते उगाच नाही. किंग्स्टनची टेस्ट हजारेंची शेवटची ठरली.

मग चूक कुणाची?

आकडे बघा. अमरनाथ १५ टेस्टमध्ये कॅप्टन, २ विजय, ६ पराभव, ७ ड्रॉ. हजारे १४ टेस्टमध्ये कॅप्टन, १ विजय, ५ पराभव, ८ ड्रॉ.

म्हणजे दोघांमध्ये फरक जवळपास नाहीच. एकाला काढून दुसऱ्याला आणलं, दुसऱ्याला काढून पहिल्याला आणलं, आणि बेरीज तीच आली. कारण आजार कॅप्टनमध्ये नव्हता. मांकडना शब्द द्यायला नकार कॅप्टनने दिला नव्हता. टीम निवडण्याचा शेवटचा शब्द त्याचा नव्हता. आज कोण खुश आणि उद्या कोण नाराज यावर खुर्ची ठरायची, आणि हरलं की फोटो छापून यायचा तो कॅप्टनचा.

हजारेंचे दोष होते का? होते. ते आक्रमक कॅप्टन नव्हते, दिल्लीतली मॅच त्यांनी हातची घालवली असं म्हणायला जागा आहे. लाला अमरनाथ मैदानावर त्यांच्यापेक्षा धूर्त होते, हेही बहुतेक जण मान्य करतात. पण शून्यावर चार बाद असताना हॅटट्रिक अडवायला जो माणूस आला, त्याला घाबरट कॅप्टन म्हणताना जरा विचार करायला हवा.

बोर्डाने यातून काही धडा घेतला का? १९५८-५९ ला वेस्ट इंडिज पुन्हा भारतात आली तेव्हा पाच टेस्टच्या एकाच सिरीजमध्ये भारताने चार कॅप्टन केले. उम्रीगर, गुलाम अहमद, मांकड आणि हेमू अधिकारी. यातले चौघेही कधी ना कधी हजारेंच्या टीममध्ये खेळलेले.

बडोद्याचे हजारे

टेस्ट संपल्या तरी हजारे बडोद्याकडून खेळत राहिले आणि तिथेच स्थायिक झाले. ३० टेस्ट, २१९२ रन, ७ शतकं, सरासरी ४७.६५. पहिली टेस्ट ३१ व्या वर्षी खेळलेल्या माणसाचे हे आकडे आहेत. १९६० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बोर्डाने जीवनगौरवासाठी सी. के. नायडू पुरस्कार सुरू केला तेव्हा १९९४ चा पहिला मान गेला लाला अमरनाथांना, आणि दोन वर्षांनी तोच पुरस्कार मिळाला विजय हजारेंना. इथेही आधी लाला, मग हजारे.

अमरनाथ २००० मध्ये गेले. १८ डिसेंबर २००४ ला बडोद्यात हजारेंनी शेवटचा श्वास घेतला. वय ८९.

आज राज्यांच्या वनडे स्पर्धेला त्यांचं नाव आहे. गंमत म्हणजे हजारे एकही वनडे खेळले नाहीत, त्यांच्या काळात तो प्रकारच नव्हता. सहा-सहा, आठ-आठ तास उभं राहून मॅच वाचवणाऱ्या माणसाच्या नावाने पोरं एका ओव्हरला सात सिक्स मारतात.

पुढच्या वेळी तुमच्या लाडक्या क्लबने मॅनेजरला काढलं आणि टपरीवर वाद पेटला, तर नवा कोण येतोय एवढंच बघू नका. टीम कुणी निवडली होती आणि पैसे कुणी अडवले होते, हेही विचारा. १९५२ मध्ये हे कुणी विचारलं असतं, तर हजारेंच्या बॅटमधून अजून थोडे रन नक्की निघाले असते.